चढ नसलेल्या मुलखात माउंटन बाइक: ब्रँडन ते किंग्ज लिन

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि सफोक या दोन काउंट्यांच्या सीमेवर ब्रेक्स नावाचा वाळूचा पट्टा आहे. पाइनची लागवड, माळरान, बीट-गाजर-कांद्याची शेतं, आणि चढ म्हणावा असा चढ औषधालाही नाही. इथे माउंटन बाइक कशाला, असं कुणीही विचारेल. उत्तर जमिनीत आहे. वरची वाळू पातळ टायरला गिळते आणि खालची चकमक ते कापून काढते. रुंद टायर, कमी हवा आणि मिळाल्यास पुढचं सस्पेन्शन एवढं असलं की हाच मुलूख अगदी सोपा होतो. ज्यांना उतारावर उड्या मारायच्या नाहीत, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर रमतगमत जायचंय, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा इंग्लंडमध्ये शोधावी लागेल.

आम्ही सप्टेंबरअखेरीस गेलो. कापणी झालेली असते, अंगाला लागली की आग करणारी नेटलची झाडं मान टाकायला लागलेली असतात, आणि सूर्य सातच्या सुमारास मावळत असल्यामुळे दिवस पुरेसा मिळतो. दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवावी. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. सपाट प्रदेशात वारा हाच घाट असतो, तेव्हा तो पाठीशी असलेला बरा.

शुक्रवार: ब्रँडन, ग्राइम्स ग्रेव्ह्ज, थेटफर्ड

लंडनहून ईलीला गाडी बदलून ब्रँडनला उतरलो. स्टेशन नॉरफोकमध्ये, गाव सफोकमध्ये. मधे लिटल आउझ नदी. एकेकाळी हे गाव बंदुकीच्या चकमकी घडवण्यासाठी प्रसिद्ध होतं. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत ब्रिटिश सैन्याच्या बंदुकांना चकमक इथून जायची. घरांच्या आणि कुंपणांच्या भिंतींत अजून तेच काळे, काचेसारखे तुटलेले दगड बसवलेले दिसतात. या भागात बांधकामाचा दुसरा दगडच नाही.

ब्रँडनच्या ईशान्येला सातआठ किलोमीटरवर ग्राइम्स ग्रेव्ह्ज. लांबून पाहिलं तर खळगेच खळगे पडलेलं गवताळ मैदान. प्रत्यक्षात ती साडेचार हजार वर्षांहून जुनी चकमकीची खाण आहे आणि प्रत्येक खळगा म्हणजे बुजवलेला एक खड्डा. असे चारशेहून अधिक आहेत. त्यातल्या एका खड्ड्यात हेल्मेट घालून साधारण नऊ मीटर खाली उतरता येतं. तळाशी आडवे बोगदे फुटलेले आहेत. लोकांनी हे सगळं तांबड्या हरणाच्या शिंगांची कुदळ करून खोदलं. खालचा चकमकीचा थर हाताएवढ्या अंतरावर पाहिला की पुढच्या चार दिवसांत टायर कशामुळे फाटणार आहेत, ते नीट समजतं.

तिथून सँटन डाउनहॅममार्गे जंगलात शिरलो. थेटफर्ड फॉरेस्ट सुमारे 18,700 हेक्टरचं आहे, आणि ते निसर्गाने नव्हे, सरकारने लावलेलं आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई झाली म्हणून 1919 साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं, आणि 1922 पासून इथे पाइन लावायला सुरुवात झाली. त्यामुळे झाडं रांगेत आणि रस्ते सरळसोट आहेत. चौकावर उभं राहिलं की चारही बाजू सारख्याच. फोनला रेंज धरून बसू नये. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, आणि कागदाचा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 229 घ्यावा.

वाळूची पहिली गाठ इथेच पडते. लाकडाच्या ट्रकांनी तुडवलेल्या वाटेवर दहा-पंधरा मीटरचा मऊ पट्टा येतो, पुढचं चाक रुततं आणि हँडल आपोआप वळतं. अशा वेळी बहुतेक जण हँडल घट्ट धरून ते सरळ करायला जातात, आणि तिथेच पडतात. पट्टा दिसताच, आत शिरायच्या आधी, दोन गिअर हलके करावेत. वजन थोडं मागे घ्यावं, हात सैल ठेवावेत, नजर पट्ट्याच्या पलीकडे ठेवावी आणि पेडल थांबवू नये. चाक इकडेतिकडे डोलेल, डोलू द्यावं. पुढचा ब्रेक मात्र अजिबात नाही. ट्रकच्या दोन चाकोऱ्यांमधला गवताचा उंचवटा बहुधा घट्ट असतो, तो आधी पाहावा.

संध्याकाळी थेटफर्ड. गावात किंग स्ट्रीटवर थॉमस पेन या राजकीय लेखकाचा सोनेरी पुतळा आहे. पेनचा जन्म याच गावचा, 1737 सालचा. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात ‘राइट्स ऑफ मॅन’, आणि ते पुस्तक उलटं धरलेलं. जोतीराव फुल्यांनी ऐन तारुण्यात, 1847च्या सुमारास, हेच पुस्तक वाचलं होतं. मराठी माणसाने पाच मिनिटं थांबायला एवढं कारण पुरे.

दुसरं नवल खाण्याचं. थेटफर्डमध्ये पोर्तुगीज वस्ती मोठी आहे. शेतात आणि कारखान्यांत कामाला आलेली माणसं इथेच स्थिरावली. त्यामुळे इंग्लंडच्या ऐन शेतीमुलखात खमंग भाजलेले पश्तेल द नाता (कस्टर्ड भरलेल्या खुसखुशीत वाट्या) आणि कडक कॉफी मिळते. काउंटरपलीकडच्या बाईंनी सायकलींवरची वाळू पाहून न विचारता पाण्याचा जग आणून ठेवला.

शनिवार: हाय लॉज आणि एल्व्हडन

थेटफर्डहून पश्चिमेला जंगलातून हाय लॉजकडे निघालो. वाटेत थेटफर्ड वॉरन लॉज लागतो. चकमकीच्या जाड भिंतींची ही दुमजली गढी साधारण 1400च्या सुमारास बांधलेली आहे. राखण कशाची, तर सशांची. मध्ययुगात ससे इथे मांसासाठी आणि कातड्यासाठी पाळले जात आणि चोर टोळीने येत. खालच्या मजल्याच्या खिडक्या म्हणजे निव्वळ फटी आहेत.

हाय लॉज हे जंगलातलं मुख्य केंद्र. कॅफे, दुकान, भाड्याच्या सायकली आणि आखलेले ट्रेल, सगळं एका ठिकाणी. गाडी घेऊन गेलं तर पार्किंगचे पैसे पडतात, सायकलवर गेलं तर काहीच नाही. इंग्लंडभर ट्रेलला रंग दिलेले असतात: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. शेफर्ड, बीटर आणि लाइम बर्नर ही इथल्या वाटांची नावं या मातीवरच्या जुन्या धंद्यांची आहेत. मेंढपाळ, शिकारीसाठी रान उठवणारे हाकारे आणि चुनाभट्टीवाले. लाइम बर्नर लाल आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने निळा बीटर धरावा. पाइनच्या खोडांमधून नागमोडी जाणारी अरुंद वाट, मधेच रुंद रस्ता, पुन्हा अरुंद वाट. हँडल रुंद असेल तर दोन खोडांमधून जाताना बोटं सांभाळावीत. हातमोजे पूर्ण बोटांचेच घालावेत.

लाल वाटेला लागायचं की नाही हे चढउतारावर ठरवू नये, कारण तो इथे जवळपास नाहीच. मुळांवर ठरवावं. पाइनची मुळं वाटेला आडवी येतात आणि पावसात साबणासारखी होतात. मूळ नेहमी काटकोनात ओलांडायचं, त्यावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं तर नाहीच. निळ्या वाटेवर हे जमलं, तर लाल वाट तेवढीच, जरा जास्त वेगाची.

हवा आणि पंक्चर

सगळ्यांना नडतं ते हेच, म्हणून सविस्तर. सत्तर किलोच्या स्वाराला 2.2 इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे 20 ते 22 आणि मागे 23 ते 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. ट्यूब असेल तर मागे 28-30 ठेवावे लागतात. त्याहून कमी ठेवलं की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. भाड्याच्या सायकलीला बहुधा ट्यूबच असते आणि हवा ठासून भरलेली असते. चाळीसच्या हवेने वाळूत गेलं तर चाक सुरीसारखं आत जातं. निघायच्या आधी गेज मागून घ्यावा.

ट्यूबलेसमध्ये प्रत्येक 29 इंची टायरला 100 मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, हवं, आणि ते ताजं हवं. तीन ते सहा महिन्यांत ते सुकून रबराचा गोळा होतं. टायर हलवून आत डुचमळण्याचा आवाज येतो का, ते पाहावं. काट्याचं भोक सीलंट स्वतःच बुजवतं. चकमकीचा काप मात्र लांबट असतो, तिथे प्लग, म्हणजे भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी, लागतो. भोक खालच्या बाजूला फिरवून घ्यायचं, म्हणजे सीलंट तिथे जमा होतं. प्लग सुईने आत ढकलायचा, शेपूट पाच मिलिमीटर बाहेर ठेवायचं, हवा भरायची आणि दोन मिनिटं चाक फिरवायचं. टायरची बाजूची भिंतच फाटली असेल तर प्लग धरत नाही. आतून काहीतरी आधार लावून ट्यूब टाकावी लागते. पाच पौंडांची नोट घडी करून लावली तर घरापर्यंत नेते. ब्रिटिश नोटा आता प्लॅस्टिकच्या असल्याने हा उपाय पूर्वीपेक्षा जास्त चालतो.

ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, बोट तर फिरवूच नये. चकमकीची कपची नखाएवढी, काळी आणि कडेने पारदर्शक असते. रबरात घुसली की बाहेरून फक्त एक रेघ दिसते. ती लगेच हवा काढत नाही. दर फेऱ्याला थोडी आत सरकत दुसऱ्या दिवशी काम तमाम करते. रोज संध्याकाळी दोन्ही टायर हाताने फिरवून, रेघ दिसेल तिथे छोट्या स्क्रूड्रायव्हरने कपची उकरून काढावी. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने निम्मी पंक्चरं टळतात.

चेनला ओलं, चिकट तेल लावू नये. वाळू चिकटून पॉलिश-पेपर तयार होतो. कोरडं तेल आणि रोज एकदा फडकं, एवढं पुरतं.

शनिवारी दुपारी हाय लॉजहून दक्षिणेला एल्व्हडन. पंजाबचे अखेरचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची ही इस्टेट. पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर अल्पवयातच त्यांना विलायतेला नेलं गेलं. 1863 साली त्यांनी एल्व्हडन घेतलं आणि हवेली आतून भारतीय थाटात सजवली. 1893 मध्ये पॅरिसला त्यांचा मृत्यू झाला आणि दफन इथल्या चर्चच्या आवारात. कबर साधी आहे. शेजारी पत्नी महाराणी बांबा आणि मुलगा. त्या दिवशी एक शीख कुटुंब दर्शनाला आलं होतं. आजोबा कबरीजवळ जोडे काढून उभे राहिले होते, नातवंडं पलीकडे कबरींवरची सालं मोठ्याने वाचत होती. हवेली खाजगी आहे, आत जाता येत नाही. थेटफर्डला परत आल्यावर नदीतल्या बटन आयलंडवर दुलीपसिंगांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आवर्जून बघावा. तो 1999 साली बसवला.

रविवार: थेटफर्ड ते कॅसल एकर, साधारण 45 किलोमीटर

आजपासून पेडर्स वे. रोमनांनी आखलेला हा रस्ता नेटिशल हीथपासून समुद्रकाठच्या होम या गावापर्यंत 74 किलोमीटर जातो आणि आज राष्ट्रीय पदयात्रा मार्ग आहे. खांबावर ओकच्या फळाची खूण. पण मार्गाला राष्ट्रीय दर्जा आहे म्हणून तो सगळा सायकलला खुला आहे असं नाही, आणि इथेच बाहेरून आलेले लोक फसतात.

इंग्लंडमध्ये खाजगी शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे प्रकार ठरलेले आहेत. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे: पायी, घोडा आणि 1968च्या कायद्यापासून सायकलही. जांभळा बाण म्हणजे मोटारी सोडून सगळे, लाल बाण म्हणजे मोटारीसुद्धा. एक्सप्लोरर नकाशावर हेच हिरव्या रेघांनी दाखवतात. आखूड तुकडे पायवाट, लांब तुकडे ब्रायडलवे. उन्हात दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून मार्ग रात्री टेबलावर बसून तपासावा. पिवळ्या बाणाच्या वाटेवर सायकल चालवली तर तुरुंगात कुणी टाकत नाही, पण ते जमीनमालकाच्या हद्दीत अतिक्रमण ठरतं. तो परत फिरवू शकतो आणि त्याचं बरोबर असतं.

पेडर्स वेच्या दक्षिण टोकाला पायवाटेचे तुकडे आहेत, दोन नद्यांवर अरुंद लाकडी पूल आहेत आणि ए11 हा धावता महामार्ग ओलांडावा लागतो. म्हणून तो भाग आम्ही सोडला आणि हार्लिंग ड्रोव्ह या जुन्या गुरांच्या वाटेने पूर्वेला गेलो. आपल्याकडची पाणंद असते तशीच ही, फक्त रुंदी तिप्पट. वाटेत ईस्ट रेथम हीथवर लँगमिअर आणि रिंगमिअर ही दोन तळी आहेत. त्यांना ना ओढा मिळतो ना ओढा निघतो. पाणी खालच्या चुनखडीतून येतं आणि तिथेच जातं, तेही पावसाच्या बऱ्याच महिन्यांनंतर. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तळं भरलेलं आणि ओल्या हिवाळ्यात कोरडं, असा उलटा हिशेब दिसू शकतो.

रेथमपुढे पेडर्स वे सैन्याच्या सराव क्षेत्राच्या कडेने जातो. 1942 साली सरावासाठी इथली गावं रिकामी केली आणि माणसं परत आलीच नाहीत. कुंपणावर स्फोटकांच्या इशाऱ्याच्या पाट्या आहेत. वाट सोडून लघुशंकेलाही आत जाऊ नये. गोळीबाराचा आवाज येत राहतो, तो दूरचा असतो.

थॉम्पसनच्या आसपास झाडीत गोल-गोल डबकी दिसतात. हिमयुगात जमिनीखाली पाणी गोठून बर्फाच्या भिंगांनी माती वर उचलली. बर्फ वितळल्यावर माती कडेला घसरली आणि मधे खळगा राहिला. असे शेकडो खळगे इथे आहेत, त्यांना पिंगो म्हणतात. पिंगोंच्या मधून जाणारी वाट चिखलाची आणि बहुतांशी पायी जाणाऱ्यांची आहे, सायकल झाडाला लावून चालत जावं.

पुढे लिटल क्रेसिंगहॅम, नॉर्थ पिकनहॅम. इथे जंगल संपतं आणि शेती सुरू होते. उघड्या माळावर पत्र्याच्या कमानदार खोपट्यांत डुकरं. त्यांच्यापुढे मैलभर गाजरं आणि मग साखरेचं बीट. बीटचा गळीत हंगाम साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो. ऊसवाल्या जिल्ह्यांतून आलेल्याला हे दृश्य ओळखीचं आहे: शेताच्या तोंडाशी रचलेले ढीग, रस्त्यावर सांडलेला माल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. हा चिखल डांबरावर पातळ पसरतो आणि दवात गुळगुळीत होतो. वळणावर सायकल सरळ उभी ठेवूनच जावं.

याच महिन्यात आणखी एक काम चालतं, कुंपणाच्या झुडपांची छाटणी. पक्ष्यांच्या विणीमुळे 1 मार्च ते 31 ऑगस्ट छाटणीला बंदी असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र सगळीकडे फिरतं. ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्न या झुडपांचे काटेरी तुकडे रस्त्यावर पसरतात. बाभळीच्या काट्याची सवय असलेल्यांनाही हे जड जातात. पिवळसर ताजा चुरा दिसला की उतरून सायकल खांद्यावर घ्यावी, शंभर मीटरचा तर प्रश्न असतो.

नॉर्थ पिकनहॅमच्या पुढे एका नांगरलेल्या शेतात वाटच गायब झाली. कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला शेताच्या मधून जाणारी ब्रायडलवे नांगरता येते, पण चौदा दिवसांत ती किमान दोन मीटर रुंद, दाबून परत करून द्यावी लागते. बांधाकडेची वाट मात्र नांगरताच येत नाही. ट्रॅक्टरवरचा माणूस आम्हाला पाहून स्वतःच थांबला, खाली उतरला आणि हाताने रेघ दाखवली: त्या ओकच्या झाडाकडे सरळ. मग म्हणाला, थांबा, आणि ट्रॅक्टरने त्या रेषेवरून एक फेरी मारून दिली.

कॅसल एकरच्या आधी नार नदी ओलांडायचा उथळ उतार आहे. पाणी काचेसारखं, चुनखडीच्या झऱ्याचं. तळ शेवाळलेला आहे. फोटोसाठी सायकल पाण्यातून घालायचा मोह होतो, पण शेजारी पादचारी पूल आहे. चाकाच्या हबच्या आणि पेडलच्या आसाच्या (बॉटम ब्रॅकेट) बेअरिंगला पाणी आवडत नाही.

गावात शिरताना रस्ता तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या दरवाज्याखालून जातो. किल्ल्याचे मातीचे तट पाहायला पैसे पडत नाहीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या मठाच्या अवशेषांना तिकीट आहे, आणि ते वसूल होतं.

जेवणाचं एक पक्कं लक्षात ठेवावं. रविवारी गावोगावच्या पबमध्ये दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, असतो आणि तो आधी सांगून ठेवला तरच मिळतो. संध्याकाळी अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. बिअर मिळते, अन्न नाही. म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचावं किंवा खोली घेतानाच रात्रीच्या जेवणाचं विचारावं. शाकाहारी माणसाला नट रोस्ट मिळाला तर नशीब, नाहीतर भाजलेला बटाटा, वर बीन्स आणि चीज. यॉर्कशर पुडिंग अंड्याचं असतं आणि ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाची. विचारून घ्यावं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

सोमवार: कॅसल एकर ते हंस्टंटन, 35च्या आसपास

या सगळ्या वाटेतला सर्वांत सुंदर पट्टा. सुरुवातीचे काही किलोमीटर डांबरी रस्ता, मग ग्रेट मॅसिंगहॅमच्या पश्चिमेने जाणारी हिरवी, सरळ रेषेतली वाट. दोन्ही बाजूंना झुडपं, त्यांत काळ्या पिकलेल्या ब्लॅकबेरी. खाताना कुत्र्यांच्या उंचीच्या वरच्या खुडाव्यात. ए148 ओलांडताना थांबून, उतरून, दोन्हीकडे पाहून जावं. तिथे मोटारी सुसाट येतात. पलीकडे शेतात कांस्ययुगीन थडग्यांचे उंचवटे दिसतात. या मुलखात त्यांनाच टेकडी म्हणायची वेळ येते.

सोमवारी खेड्यातले बरेच पब दिवसभर बंद असतात. मॅसिंगहॅमनंतर रिंगस्टेडपर्यंत खायला मिळेल असं धरून चालू नये. फ्लॅपजॅक, म्हणजे ओट, लोणी आणि सोनेरी सिरपची घट्ट वडी, दोन सोबत ठेवली की दुपार निभावते. पाणी दीड ते दोन लिटर.

घोडेस्वार याच वाटेवर भेटतात. सायकलने घोडा आणि पादचारी दोघांनाही आधी जाऊ द्यायचं, असं कायदाच सांगतो. मागून जाताना घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. लांबूनच हॅलो म्हणावं, म्हणजे घोड्याला मागचा प्राणी माणूस आहे हे कळतं. समोरून आला तर एका बाजूला थांबावं. दोन घोडेस्वार बायका आमच्यापाशी थांबल्या, वाऱ्याला आणि बीटच्या ट्रकांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि फ्रिंगपुढे कुठे वळायचं तेही सांगितलं. फ्रिंगनंतर काही तुकडे फक्त पायवाटेचे आहेत. तिथे सेजफोर्डमार्गे गावरस्ता धरावा, अंतर फारसं वाढत नाही.

रिंगस्टेडहून होमचा किनारा. 1998 साली इथल्या वाळूत ओहोटीच्या वेळी ओकच्या 55 खांबांचं वर्तुळ उघडं पडलं, मधे मुळं वर केलेला एक प्रचंड बुंधा. झाडं इसवी सनपूर्व 2049 मध्ये तोडलेली, हे लाकडातल्या वर्तुळांवरून निघालं. आता किनाऱ्यावर काही नाही, सगळं किंग्ज लिनच्या संग्रहालयात आहे.

मुक्काम हंस्टंटनला. पूर्व किनाऱ्यावरचं गाव असून याचं तोंड पश्चिमेला, वॉश खाडीकडे आहे, त्यामुळे सूर्य चक्क समुद्रात मावळतो. कडा तीन पट्ट्यांचा: खाली तपकिरी, मधे लाल, वर पांढरा. पायथ्याशी जायचं तर ओहोटीची वेळ पाहून, आणि कड्याला चिकटून बसू नये. दगड पडतात.

अंघोळीच्या वेळी अंग तपासावं. ब्रेक्सच्या जंगलात गोचीड आहेत. लाइम रोगाचा धोका आहेच, शिवाय 2019 मध्ये थेटफर्ड फॉरेस्टच्या गोचिडांत मेंदूज्वराचा विषाणूही सापडला होता. गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, काखेत पाहावं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडी, मेणबत्ती असले प्रयोग नकोत. पुढच्या महिनाभरात पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरला जंगलाचं नाव सांगावं.

मंगळवार: किंग्ज लिन

हंस्टंटनची रेल्वे 1969 साली बंद झाली, त्यामुळे लिनपर्यंत सायकलच. राष्ट्रीय सायकल मार्ग 1 च्या पाट्या धरून डर्सिंगहॅम, सँड्रिंगहॅम, कॅसल रायझिंग. आज वारा समोरून, म्हणूनच हा टप्पा शेवटी आणि छोटा ठेवला. सँड्रिंगहॅम ही राजघराण्याची इस्टेट, पण पाइन आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं बाहेरचं रान सगळ्यांना खुलं आहे. सायकल मात्र तिथल्या रस्त्यांवरच. रानातल्या वाटा चालणाऱ्यांच्या.

एवढ्या वाळूनंतर ब्रेक किरकिरायला लागतात. डिस्क स्वच्छ फडक्याने पुसावी, तेलाचं फडकं चुकूनही नको. रेझिनचे पॅड वाळूत भराभर झिजतात. जाडी एक मिलिमीटरच्या आत आली असेल तर लिनमध्ये बदलून घ्यावेत किंवा जोडी सोबतच ठेवावी.

लिन म्यूझियममध्ये ते खांब उभे आहेत, आणि त्यांवर काशाच्या कुऱ्हाडींचे घाव अजून मोजता येतात. संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून हा कार्यक्रम मंगळवारी संपेल असा आखावा. लिनहून लंडन किंग्ज क्रॉसला थेट गाडी आहे, पण ऐन गर्दीच्या वेळी लंडनकडे घडी न होणारी सायकल चढवू देत नाहीत. दुपारची गाडी पकडावी, आणि चढण्याआधी टायरचा चिखल फलाटाबाहेर झटकावा.